जावईबापूंच्या पायाची पट्टी

मामी गेल्याचं मामानं मला नीट सांगितलंच नाही. सकाळी दिग्रसच्या आमच्या मेडिकलचं शटर वर करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर मामीचं नाव. म्हणजे पट्टीचा रोल संपला असणार, असं समजून मी आधीच "पाठवतो, पाठवतो" म्हणून मोकळा झालो. पण पलीकडे मामा होता. "अबे, कोंबडा कवाचा बोंबलून राह्यला," तो म्हणाला, "अन् तुही मामी उठून नाई राह्यली..." त्याच्यामागे खरोखरच कोंबडा आरवत होता. थांबायचा, पुन्हा आरवायचा. आर्णीच्या रस्त्यावरचं मामाचं गाव आमच्याकडून फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. पोचलो तेव्हा अंगणात शेजारपाजारची माणसं जमली होती, मामा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता आणि मामीच्या खाटेच्या पायथ्याशी, डाव्या पायाला पांढरी पट्टी बांधलेला तो कोंबडा उभा होता. मामी झोपेतच गेली होती. कुणाला त्रास नाही, दवाखाना नाही, काही नाही.

आता त्याला महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, मामी फार भोळी होती हो. मी मान हलवतो, दुखवट्यात वाद घालू नये म्हणून. पण हे साफ खोटं आहे. माझी मामी पक्की बेरकी बाई होती. एका साध्या पट्टीच्या जोरावर तिनं सख्खा नवरा, मोठी नणंद आणि गावाबाहेरची मरीमाय अशा तिघांना कित्येक वर्षं झुलवत ठेवलं. त्या कारस्थानाचं सगळं सामान माझ्या दुकानातून जायचं, तेव्हा ही गोष्ट सांगायचा हक्क माझाच आहे.

सुरुवात मामाच्या घाईपासून झाली. मामाला कोणतीही गोष्ट वेळेवर करता येत नाही, तो ती आधी तरी करतो नाहीतर नंतर तरी. शेतात बोअर मारायची ठरली. पाणी लागलं तर मरीमायला कोंबडा देईन, असा नवस तो बोलला. इथवर ठीक. आमच्याकडे लोक आधी पाणी लागू देतात आणि मग कोंबडा शोधतात. मामानं आर्णीच्या बाजारातून तांबडा, भरघोस शेपटीचा कोंबडा आधीच आणला, देवीपुढे नेऊन उभा केला, त्याच्या तुऱ्याला हळदकुंकू लावलं आणि "माय, हा तुहा" असं सांगून परत घरी आणला. एकदा देवीला दाखवलेलं जनावर बदलता येत नाही, हा आमच्या घराण्यातला नियम. पाणी लागलं. चांगलं लागलं. मंगळवारी नवस फेडायचा ठरला, आणि त्याच्या आधीच गल्लीतल्या कुत्र्यानं कोंबड्याला धरलं.

मामीनं बैलगाडीची उभारी उपसून कुत्र्याला पिटाळलं, पण तोवर पंख फाटला होता आणि डावा पाय मोडून लोंबत होता. मामा डोक्याला हात लावून बसला. त्यानं नेरला फोन केला, माझ्या इंदूमावशीला. मावशी म्हणजे मामाची मोठी बहीण. घरात कुठलंही देवाचं काम अडलं की तिचा शब्द शेवटचा, आणि अडलं नसलं तरी तिचाच. तिनं निकाल दिला, "लंगडं, खोडीचं जनावर देवीले चालत नाई. बदलताही येत नाई. आता त्याले बरा करा, मंग द्या. वयनीले सांग."

वयनी म्हणजे मामी. ती माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येऊ द्यायची नाही. मामाला खायची लहर आली तर त्यानं गोठ्यामागे तीन दगड मांडून स्वतः शिजवायचं, स्वतः भांडी घासायची आणि आंघोळ करून मगच घरात यायचं, असा कायदा होता. त्या बाईच्या स्वयंपाकघरात आता जिवंत कोंबडा आला, कारण चुलीजवळची ऊब बाहेर कुठे मिळणार? टोपलीत जुन्या लुगड्याची घडी घालून तिनं त्याला निजवला. बांबूच्या कामट्या तासून पायाला दोन्ही बाजूंनी लावल्या, पातळाच्या चिंध्यांनी बांधल्या. पंखावर हळद आणि तेल. मग मला फोन आला.

"बाबू, जखम धुवाचं ते तपकिरी औषध पाठव. अन् एक पट्टीचा रोल."

"कोणाला लागलं, मामी?"

"घरातच एक पेशंट हाये."

मी घाबरून मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "अबे, मी बरा हाओ. माह्याकडं कोण पाह्यते?"

कोंबडा जखमेनं नाही पण तापानं जातो की काय, अशी पाळी आली. त्यानं मान टाकली, डोळे मिटले, घशातून घुर्रघुर्र आवाज येऊ लागला. मामीनं त्याला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, विनोदी होते. त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, यावर एकच इलाज आहे, रस्सा." कंपाउंडर हसला. मामी हसली नाही. मग त्यांनी तपासून औषध दिलं, नीट दिलं, पण मामी ते बोलणं विसरली नाही. पुढे गाय व्यायला अडली तेव्हा तेच डॉक्टर घरी आले. मामीनं त्यांना ताटभरून पोहे दिले आणि चहा बिनसाखरेचा. त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

औषधावर तिचा पूर्ण विश्वास नव्हता, म्हणून जोडीला तिचे स्वतःचे उपाय. ओव्याचा वाफारा मी लहानपणी तिच्याकडून घेतलेला आहे. डोक्यावरून चादर, खाली उकळत्या पाण्याचा गंज, आणि "तोंड उघड, तोंड उघड" असा धोशा. तोच वाफारा आता कोंबड्याला. एकदा मी गेलो तर चादरीखाली काहीतरी हललं आणि मामीचा आवाज आला, "गप बस, अजून झालं नाई." मला वाटलं मामाला सर्दी झाली. चादर बाजूला झाली तर आतून मामी आणि कोंबडा दोघं घामाघूम होऊन बाहेर आले. लसूण ठेचून घातलेला मऊ भात ती त्याला बोटानं भरवायची, ताकाचे थेंब चोचीत सोडायची. तो गिळायचा नाही तेव्हा स्वतः आ करून दाखवायची. मी हसलो तर म्हणाली, "हास, हास. तूही असाच खायचा."

आणि कोंबडा बरा झाला. ताप गेला, पंख भरून आला, कामट्या निघाल्या. मी म्हणालो, "मामी, सुटलीस."  ती त्याला मांडीवर घेऊन पायावरून अंगठा फिरवत बसली होती. मग म्हणाली, "म्या नुसती हळद लावली रे बाबू. जीव त्यानंच धरून ठेवला. ज्यानं जगायची एवढी मेहनत केली, त्याले आता नेऊन कापाचं?" तिचे डोळे भरले होते.  मी औषधं विकतो, पण असं कुणासाठी रडलेलं गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर मी फार कमी पाहिलं आहे. थोड्या वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं, रोल उचलला आणि त्या धडधाकट पायाला छान, घट्ट, नवी पट्टी बांधली. "पाय अजून दुखते त्याचा," ती मला म्हणाली. "तुले कोणी विचारलं तर सांगजो."

तेव्हापासून पट्टी सुटली नाही. रोल संपला की फोन यायचा, मी तो दिग्रस-आर्णी गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचो आणि मामी फाट्यावर उभी राहून घ्यायची. "पेशंट कसा आहे?" असं मी विचारलं की शेजारी नणंद उभी असल्यासारखा आवाज खाली आणून सांगायची, "नाई झाला बाबू अजून. लागन वेळ." कोंबडाही काही कमी नव्हता. पट्टी बांधताना ज्वारी मिळते हे त्याच्या ध्यानात आलं होतं. हातात रोल दिसला की तो आपण होऊन पाय वर धरायचा.

मावशी नेरहून यायची ती तपासणीलाच. पिशवी ठेवायच्या आधी विचारायची, "झाला का बरा?" एकदा मामीनं उत्तर दिलं, "बरा झाला असता, बाई. पण आता तो जावई झाला ना. जावयाले कोणी कापते का?" मामा-मामीला मूलबाळ नव्हतं.  पण गप्प राहील तर मावशी कसली! म्हणाली, "लेक नाई तं जावई कुठून आला व?" मामी म्हणाली, "लेक नाई म्हणूनच तं जावई तरी असू द्या." त्या दिवसापासून कोंबड्याचं नाव जावईबापू. धोंड्याच्या महिन्यात मामीनं त्याला खरोखर पाटावर उभं केलं, ओवाळलं आणि पुढ्यात अनारसा ठेवला. त्यानं अनारशाची खसखस तेवढी टिपून खाल्ली आणि बाकीचा पायानं उडवून लावला. "अगदी जावयासारखाच," मामा म्हणाला.

पण मामाच्या मनात मात्र भीती होती, ती खरी होती. देवीला दिलेला शब्द राहून गेला, हे त्याला टोचायचं. मोटर जळाली की तो कोंबड्याकडे बघायचा. तुरीवर अळी पडली की कोंबड्याकडे बघायचा. "तुह्या त्या जावयापायी बोअर आटन एखाद्या दिवशी," असं ओरडायचा, आणि मामी शांतपणे म्हणायची, "बरा झाला की देऊ ना. मी कुठं नाई म्हणलं?" एकदा घाईत तिनं पट्टी उजव्या पायाला बांधली आणि नेमकी मावशी आली. मावशीनं चष्मा लावला. "काहून व, मागच्या टायमाले डावा होता ना?" मामीनं पापणीसुद्धा हलवली नाही. "वाताचं दुखणं हाये, बाई. सरकते." मावशी बराच वेळ कोंबड्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं चहा मागितला. मामीनं बाजी मारली असं मला वाटलं होतं.

तेरवीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. मधल्या दिवसांत कोंबड्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, पट्टी कुठेतरी सुटून पडली होती. पंगत उठली आणि खरकट्यावरून जावईबापू सगळ्या सोयऱ्यांच्या देखत दोन्ही पायांवर असे धावले, की शर्यतीचा बैल लाजावा. कुणीतरी म्हणालं, "हा तं ठणठणीत हाये." दुसरा म्हणाला, "हा नवसाचा ना? इतकी वर्षं ठेवला? मंग असं होईन नाई तं काय..." पुढचं त्यानं गिळलं, पण ऐकू सगळ्यांना आलं. देवीनं कोंबड्याच्या बदल्यात माणूस नेला, असं त्याला म्हणायचं होतं. सगळे मावशीकडे बघू लागले, कारण निकाल तीच देणार. मावशी खाली मान घालून बसली होती.

मामा उठला. तसाच घरात गेला. घरातून मागच्या दारानं गोठ्यामागच्या तीन दगडांकडे जाता येतं आणि त्याची सुरी तिथेच असते, हे मला माहीत होतं. मी त्याच्यामागे जाणार, तोच तो बाहेर आला. हातात पट्टीचा रोल होता. रोल पाहताच जावईबापू धावायचे थांबले आणि पाय वर धरून उभे राहिले. मामानं त्यांना काखेत घेतलं, ओसरीवर बसला आणि पट्टी गुंडाळू लागला. त्याला ते जमत नव्हतं. आयुष्यात त्यानं कुणाला पट्टी बांधली नव्हती. "अजून बरा नाई झाला तो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "ती सांगत होती... बरा नाई झाला अजून."

 मग मावशी उठली, गुडघ्यावर हात देत त्याच्याजवळ गेली.

"उजवा नाई रे बाप्पा," ती म्हणाली. "डावा. डावा होता त्याचा." आणि मामाच्या हातातून रोल घेऊन, "सरक तिकडं, तुले गाठ तरी मारता येते का कधी," असं म्हणत तिनं स्वतः पट्टी बांधली. बांधता बांधता ती रडत होती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. बाजी मामीनं एकटीनं मारलीच नव्हती. मोठ्या नणंदेनं चष्मा लावून, नीट बघून, हरायचं ठरवलं होतं.

परवा दुकानात गर्दी होती आणि फोन वाजला. पडद्यावर अजून मामीचंच नाव येतं. ते बदलायला हात होत नाही. "अबे, रोल संपला," मामा म्हणाला. "आर्णीच्या गाडीनं पाठव."

"मामा, मावशी तर गेली नेरला. आता पट्टी बघणारं आहे कोण तिथे?"

"देवी पाह्यते ना."

मागे कोंबडा आरवला. मी म्हणालो, "पेशंट कसा आहे?" मामानं मला जन्मभर 'अबे'शिवाय हाक मारलेली नाही. पण आता तो आवाज खाली आणून म्हणाला, "नाई झाला बाबू अजून... लागन वेळ."

मी गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, रोल कागदात गुंडाळला आणि गाडी सुटायच्या आत स्टँडवर गेलो.