ज्या बाईने लेकीला आत घेतलं

फ्रान्समधल्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीशी आमच्या वैशाखरे गावात कुणाचं काय घेणंदेणं असणार? पण माझी लेक तिथे शिकत होती. एक उमेदवार बाहेरून आलेल्यांना हाकलायची भाषा करतो, एवढं तिने सांगितलं होतं. तो पडला असं कळलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणवाडी आवरून घरी आले आणि तिचा फोन वाजला. आमच्याकडे रेंज फक्त मागच्या पडवीच्या कोपऱ्यात. तिथे भिंतीला चिकटून उभी राहिले.

"आई, घाबरू नको. मी एका घरात अडकलेय."

दोन्ही उमेदवार नकोत म्हणणारी पोरं रस्त्यावर उतरली होती. पोलिसांनी गल्लीची दोन्ही तोंडं अडवून अश्रुधूर सोडला. लेक त्याच गल्लीने कॉलेजातून परतत होती. एका म्हातारीने दार उघडून तिला हाताला धरून आत ओढलं.

"बाई चांगली हाय ना गो?"

ती हळूच म्हणाली, "तिने त्या हाकलणाऱ्यालाच मत दिलंय. भिंतीवर त्याचा फोटो हाय."

"मंग नीघ तिथून!"

"कुठं निघू? बाहेर काचा फुटतायत."

आमचे हे भाताच्या पेरणीसाठी शेतात राब भाजून आले, पाणी मागत होते. मी हातानेच गप्प केलं. जरा हलले की आवाज तुटायचा. पलीकडे म्हातारी बोलत होती, मला अक्षर कळत नव्हतं.

"काय म्हणते ती?"

"विचारते, तुझी आई रडते का."

"सांग, नाय रडत. आणि विचार, माझ्या लेकीला कशापायी हाकलायचंय?"

बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं. "ती म्हणते, तुझ्यासारख्यांना नाय."

"मंग कुणाला?"

"मीही तेच विचारलं. तर उठून गेली. डोळ्यांवर ठेवायला ओला रुमाल घेऊन आली."

रस्ता मोकळा झाल्यावर म्हातारी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. लेक खोलीवर सुखरूप पोचली. अजून तिथेच शिकतेय, पण त्या गल्लीने जात नाही.

"भेटलीस का गो त्या बाईला परत?" मी मध्ये एकदा विचारलं.

"नाय. भेटून काय बोलू?"

तिला घरी परत ये म्हणवत नाही, आणि तिथेच राहा म्हणायला जीभ उचलत नाही.