ताईचा अडखळणारा लॅपटॉप

ताईला लॅपटॉप मी निवडून दिला. अकोल्यातल्या एका खाजगी शाळेत वीस वर्षं गणित शिकवल्यावर तिची नोकरी गेली होती आणि घरूनच ऑनलाइन शिकवायचं तिने ठरवलं होतं. मी अमरावतीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. त्यामुळे असल्या वस्तूंच्या बाबतीत घरात माझंच ऐकलं जायचं.

चौथ्याच दिवशी तिचा फोन आला. "बाबू, हे लय अडखळून राहिलं रे. माहा आवाज मधातच तुटते, अन् स्क्रीनवरचा तो बाण जागच्या जागी थांबते. वापस करून टाकू का? दहा दिवसांत घेतात म्हणे."

"नको," मी म्हणालो. "आतला जो कंपनीचा प्रोग्रॅम असतो ना, फर्मवेअर, त्यात दोष आहे. अपडेट येईल. पंधरा दिवस थांब."

पंधरा दिवस हा आकडा माझ्या मनचा होता. त्याहून वाईट म्हणजे, याच मॉडेलबद्दल अशाच तक्रारी मी खरेदीच्या आधी इंटरनेटवर वाचल्या होत्या. पण घरात सगळ्यांना "हाच घ्यायचा" असं सांगून झालं होतं. मी ते पान बंद केलं.

परत करायची मुदत गेली. कस्टमर केअरवर दर वेळी नवा माणूस आणि उत्तर तेच: तक्रार वर पाठवली आहे. रोज लॅब उघडली की मी आधी कंपनीचं पान बघायचो. ताईने विचारलं की "येतंय" म्हणायचो.

मधल्या काळात एका ऑनलाइन क्लासने तिला नमुना तास घ्यायला लावला. विषय अपूर्णांकांचा, तिच्या हातचा मळ. तरी नकार आला: बोलणं सलग वाटत नाही. "माह्यंच काई चुकते का रे?" तिने फोनवर विचारलं. मी म्हणालो, तुझं इंटरनेट बरोबर नसेल. तिने माझ्या शब्दावर कनेक्शनही बदललं.

सातव्या महिन्यात अपडेट आलं. त्या रविवारी मी बसने अकोल्याला गेलो. वीस मिनिटांचं काम. मग तिला थोडं बोलायला सांगून आवाज रेकॉर्ड केला. कुठेही तुटला नाही. पण ताई दोन शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा दोन शब्द.

"अशी काय बोलतेस?"

"सवय लागली. मले वाटे, माह्यं बोलणंच भरभर हाय, म्हणून तुटते. आरशासमोर बसून हळू बोलाची प्रॅक्टिस केली."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"तुले आधीच ठाऊक होतं?"

"हो."

"अन् तरी मले इंटरनेट बदलाले लावलं?"

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"मशीन खराब निघाली, त्याचं काई नाही," ती म्हणाली. "पण सहा महिने मले माह्यावरच शंका येऊन राहिली होती. तू ते आयकत होता फोनवर."

जेवायला तिने वाढलं, आग्रहही केला. त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. आता तिच्याकडे तिवसा, चांदूर रेल्वेपर्यंतची मुलं शिकतात. क्लास चांगला चालला आहे.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा टेबलावर नवा प्रिंटर दिसला. कोणता घ्यावा ते तिने कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराला विचारलं होतं. चांगला निवडला होता. मी तसं म्हणालो. "हो," ती म्हणाली, आणि मुलांनी पाठवलेली गणितं तपासायला बसली.