माझा वार्षिक पाठ मोडणाऱ्या मुजावर बाई

आज सकाळी मुजावर बाई गेल्या. परीक्षकांसमोर भर वर्गात माझी अब्रू घालवणाऱ्या त्या एकट्याच.

नव्वदी गाठली होती. चहा घेतला, थोडं पडते म्हणाल्या आणि गेल्या. रडण्यासारखं फार काही नाही. तरी दुपारपासून घरात काही सुचत नाहीये, म्हणून लिहितेय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नेसरीहून कोल्हापूरला डी.एड.ला आले होते. नुकतीच मॅट्रिक झालेली, दोन वेण्या आणि कुणी नाव विचारलं तरी घाबरायची.

एसटीत बसवताना आबा म्हणाले, "दोन वर्सं देतोय. पास झालीस तर मास्तरीण हो. नापास झालीस तर तुला बघायला पावणं तयार हाईत. परत एकदा बसतो म्हणायचं न्हाय."

आमचे आबा बोलले म्हणजे विषय क्लोज.

डी.एड.ला पुस्तकं कमी आणि पाठ जास्त. आधी टाचण काढायचं, म्हणजे तासाला कधी काय बोलायचं ते सगळं लिहून आणायचं. मग खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचं.

आमची सरावाची शाळा मंगळवार पेठेत होती आणि वर्ग मुजावर बाईंचा. तिसरी.

बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून वह्या तपासत बसायच्या. आमच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत.

पोरं मात्र एकदम तयार. दरवर्षी आमच्यासारख्या कितीतरी जणी बघून बसलेली. माझ्या दुसऱ्याच पाठाला एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, आज काय शिकायचं त्ये सांगायचं ऱ्हायलं की तुमचं!"

खरंच राहिलं होतं.

सगळ्यात मोठी भीती वार्षिक पाठाची. परीक्षक बाहेरून यायचे. तिथं उडालात की वर्ष गेलं.

म्हणून आमच्यात एक रिवाज होता. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात शिरायचं, पेपरमिंट वाटायचं आणि उद्याचा पाठ आजच पोरांकडून घोटून घ्यायचा. सगळ्याच करायच्या. मीही केलं.

भागाकार आणि बाकी. सतरा चिंचोके, पाच मुलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसले.

मी सुरुवात केली, "मुलांनो, माझ्याकडे सतरा चिंचोके..."

"प्रत्येकी तीन! उरले दोन!" अख्खा वर्ग ओरडला.

पाच मुलांचं नाव मी अजून काढलंच नव्हतं.

परीक्षकांचं पेन थांबलं. तेवढ्यात मुजावर बाई कोपऱ्यातून उठल्या.

"साहेब, ह्या बाईंना शालनला विचारू द्या की. ती काल नव्हती."

काल! झालं, आदल्या दिवशीचा सगळा कारभार साहेबांसमोर उघडा पडला. बाईंचा इतका राग मला त्याआधी कुणाचा आला नव्हता.

शालन म्हणजे दाराजवळ बसणारी बारकीशी पोरगी. मी चिंचोके तिच्या ओंजळीत दिले. म्हटलं, "हे पाच जणांत सारखे वाट."

"पाच जण कोण?" तिनं विचारलं.

माझ्या टाचणात याचं उत्तर नव्हतं.

"तूच निवड."

तिनं पाच जणांना ओढून पुढं आणलं आणि मूठमूठ वाटून टाकलं. एकाला पाच गेले, एकाला दोनच. दोघांची जुंपली. तिनं सगळे परत गोळा केले, फरशीवर बसकण मारली आणि एकेकाला एकेक देत सुटली. मीही तिच्याजवळ खाली बसले. टाचण टेबलावरच राहिलं.

तीन फेऱ्या झाल्या. तिच्या हातात दोन उरले.

"आता गं?"

"आता न्हाय वाटायचं. दोघांस्नी दिलं तर तिघं रडतील. ऱ्हाऊ द्यात माझ्याजवळ."

वर्ग हसला. परीक्षकसुद्धा हसले.

मी म्हटलं, "हे जे उरलं ना, त्याला बाकी म्हणायचं."

शालननं मान हलवली. तिला कळलं होतं. बघूनच समजत होतं.

आणि घंटा झाली. फळ्यावर एक उदाहरण नाही, गृहपाठ नाही. अर्ध्याहून जास्त टाचण तसंच.

मी व्हरांड्यात जाऊन रडत सुटले. बाई मागोमाग आल्या.

"माझं वाटोळं केलंत तुम्ही!" एवढंच बोलले. आबांची अट सांगितली नाही. लाज वाटली.

"व्हय, केलं," बाई म्हणाल्या. "दर साली तुम्ही पोरी येतासा, पेपरमिंट वाटतासा, पास हून जातासा. तुम्ही गेल्यावर मला सगळं पयल्यापास्नं शिकवायला लागतंय. आज शालनला भागाकार शिकवायला लागणार न्हाय. डोळे पूस."

मी पास झाले. काठावर. अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात कमी मार्क माझे. खाली परीक्षकांचा शेरा होता, "टाचण अपूर्ण. शिकवता येते."

आबांना फक्त 'पास' एवढंच कळवलं.

पुढं तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. फार मजेत गेली. रोज वर्गात शिरल्यावर आधी विचारायचे, काल कोण नव्हतं? मग पुढचं.

दर ईदला बाईंकडे शिरखुर्मा ठरलेला. मागच्या ईदला बोलता बोलता मी विचारलं, "बाई, त्या दिवशी मी नापास झाले असते तर?"

"तर काय? फुडल्या वर्षी आली असतीस परत. माझ्याच वर्गात."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. आबा, अट, तयार असलेले पाहुणे, सगळं.

बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. माझा हात धरला.

मग म्हणाल्या, "मला म्हाईत नव्हतं गं पोरी. म्हाईत असतं तर गप बसले असते की."

"म्हणून तर बरं झालं बाई, तेव्हा सांगितलं नाही."

बाई, तुम्हाला मनापासून सलाम. निवांत राहा आता.

तुमची,
लीला