बाबांची दुप्पट पट्टी

आमच्या बाबांना स्वतःचा एक नाका हवा होता. लोकांना शेत हवं असतं, बैलजोडी हवी असते, बाबांना नाका. लोणारच्या पुढं मोगलाईत शिरणाऱ्या सडकेवर निजामाचा करोडगिरी नाका होता. तिथं आडवा बांबू टाकलेला असायचा आणि बाजेवर बसलेला एक कारकून गाड्या थांबवून मालावर जकात घ्यायचा. एरवी कुणाला न जुमानणारे व्यापारी त्याच्यासमोर पागोटं सावरत उभे राहायचे. बाबांनी हे लहानपणी आपल्या वडलांच्या गाडीतून पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यातून जन्मभर गेलं नाही. आज हसून सांगते आहे, पण त्या हौसेपायी आमच्या मायच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आमचं गाव अगदी हद्दीवर. मधे नदी. अलीकडे वऱ्हाड, आणि तो तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे सगळे मोठे साहेब नागपुरात. पलीकडे निजामाची मोगलाई. दिवाळी झाली की नदीला घोट्याएवढं पाणी उरायचं. आमच्या म्हशी सकाळी एका राज्यात चरायच्या आणि दुपारी दुसऱ्या राज्यात जाऊन बसायच्या, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. पलीकडच्या गावात आमच्या अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, दिलेली. आमच्या गच्चीवरून तिच्या सासरच्या चुलीचा धूर दिसायचा, असं माय सांगायची. मला कधी दिसला नाही, पण मी हो म्हणायचे.

बाबांची कपाशीची शेती होती आणि गावच्या आठवडी बाजाराचा ठेकाही त्यांच्याकडे होता. बाजारात जो माल मांडून बसेल त्याच्याकडून पट्टी घ्यायची, असा तो ठेका. दरवर्षी कापूस फुटला की पलीकडून वेचणारणी यायच्या, वीस-पंचवीस बाया, गाणी म्हणत, आणि आमची शेतं पंधरवड्यात मोकळी करून जायच्या. त्या वर्षी पलीकडच्या पाटलांनी त्यांना अडवलं. आमची ज्वारी कोण काढणार, म्हणाले, आमच्या बाया आमच्याच गावात राहतील. झाडावर कापूस लोंबत राहिला. बाबा दोन दिवस नुसते बांधावरून फिरले, आणि तिसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याहिले सांगा, बाया नाई आल्या तर मोगलाईच्या मिरचीवर दुप्पट पट्टी. येऊ द्या मंग बाजारात."

मिरचीच का, तर पलीकडची मिरची म्हणजे मिरची. लाल, बारीक, तिखटजाळ. आणि आमच्या बाजाराशिवाय ती विकायची कुठं, अशी बाबांची अटकळ. पट्टीचा दर सरकारने ठरवून दिलेला असतो हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मेहकरचा साहेब एवढ्या लांब कशाला येतो, असं म्हणून त्यांनी तो प्रश्न मिटवला.

मिरचीवाले आले नाहीत. त्यांच्यातला म्हातारा चाचा, जो मला बाजारात बघितलं की ओंजळभर बोरं द्यायचा, त्याने पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या वाळूत, बाभळीखाली आपलं पोतं पसरलं. त्याच्या शेजारी लसूणवाला बसला, मग बांगड्यावाली, मग भांडीवाला. आमच्या गावच्या बाया लुगड्याचा काचा वर खोवून पाण्यातून पलीकडे जायला लागल्या. बाबांच्या बाजारात उरले एक न्हावी आणि कांदे विकणारा आमचाच चुलतभाऊ.

झालं, बाबांना नाका मिळाला. त्यांनी आमच्या काठावर दोन दगड रचले, वर बांबू आडवा टाकला, घरातली बाज तिथं नेऊन ठेवली आणि स्वतः जाऊन बसले. पलीकडून माल आणणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवायचं, टोपलं खाली ठेवायला लावायचं आणि पट्टी घ्यायची. शेजारणी मिरची गोवऱ्यांखाली लपवायच्या, पोराच्या कुंचीत लपवायच्या. एकीने तर घागरीत भरून वर पाणी ओतलं, आणि घरी जाऊन भिजलेली मिरची उन्हात वाळवत बाबांना शिव्या देत बसली. मला इतकं हसू यायचं की माय डोळे वटारायची. मायच्या डोळ्यांना मी घाबरत नसे, हातातल्या लाटण्याला घाबरायचे.

पलीकडचे पाटील काही कमी नव्हते. त्यांनी दवंडी पिटवली, की पट्टी उतरेपर्यंत आपल्या गावची एकही सून नदीपल्याड माहेरपणाला जाणार नाही. काठावर येसकर, म्हणजे गावचा राखणदार, बसवला. आणि इथं मात्र आमच्या घरात हसणं थांबलं, कारण अक्काला सातवा महिना चालू होता.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच. आणि लेक आणायची ती सातव्यात. आठवा लागला की तिला नदी ओलांडू देत नाहीत. नंतर नवव्यात आणता येतं म्हणे, पण आमच्या आजोळी एकदा तसं करायला गेले आणि गाडीतच सगळं झालं, ते मायने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला नववा नकोच होता. म्हणजे पुढच्या एक-दोन बाजारांत जे काय व्हायचं ते. नाहीतर अक्का तिथंच, परक्या हातांत, आणि माय इथं धूर बघत. माय बाबांना म्हणाली, "पट्टी काढा. पोरगी आणू द्या मले."

"त्याहिनं बाया पाठवू दे आधी," बाबा म्हणाले.

"मले तुमच्या कापसाशी काय करायचं हाय?"

"आता मी वाकलो तर जन्मभर हसतील माह्यावर. पोरीसाठी हात जोडत आला म्हणतील." असं म्हणून बाबा ताटावर बसले.

ताटात भाजी होती, पण फिक्की. वरण पिवळं, भाजी पिवळी, पिठलंसुद्धा पिवळं. बाबांनी एक घास घेतला आणि मायकडे पाहिलं. माय शांतपणे म्हणाली की मोगलाईची मिरची या घरात आणायची नाही असं तुम्हीच सांगितलंत, आणि दुसरी मिळत नाही. वऱ्हाडी माणसाला फिक्कं जेवण म्हणजे काय शिक्षा असते ते बाहेरच्याला कळायचं नाही. बाबांनी ते सगळं मुकाट्याने खाल्लं, वर कच्चा कांदा चावला. आम्ही पोरं मात्र शेतातल्या खोपीत मायच्या हातचा ठेचा आणि भाकर खायचो, डोळ्यांतून पाणी काढत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चविष्ट ठेचा तो. बाबांना वास येत असणार, पण विचारायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र बाबांच्या लक्षात आली नव्हती. त्यांच्या पट्टीमुळे बाजार पलीकडे गेला, आणि बाजार पलीकडे गेला म्हणून माय दर आठवड्याला अक्काला भेटायला लागली. लग्न झाल्यापासून इतक्या वेळा भेट झाली नव्हती. अक्का आपल्या सासूबरोबर यायची, चाचा आपलं पोतं सरकवून तिला सावलीत बसायला जागा द्यायचा, आणि माय तिच्या पोटाकडे बघत लाडू काढायची. मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. मी तेव्हा चौदाची, माझंही कुठं कुठं बोलणं चाललेलं, आणि मला अक्काशिवाय कुणाशी काही बोलता येत नव्हतं. ती घरी आली नाही तर मी काय करेन हा विचार करूनच मला रडू यायचं.

तोडगा काढला अक्काच्या सासूने. उंच, काळीसावळी, आवाज असा की नदीपलीकडून हाक मारली तर आमच्या कोंबड्या उडायच्या. ती मायला म्हणाली, "विहीणबाई, हे दोघं पाटील आन् ठेकेदार बसतीन भांडत. लेकरू त्यायच्यासाठी थांबणार हाय का? तुमी पुढच्या बाजारी टोपलं घेऊन या, एक जास्तीचं."

"येसकर बसला हाय ना," माय म्हणाली.

"तो दमणी बघून राह्यला. माहेरी चालली पोरगी म्हंजे दमणीत बसन, वळकटी असन, सोबत भाऊ असन. डोक्यावर मिरचीचं टोपलं घेऊन कोण बाळंतपणाले जाते?"

चाचा शेजारी बसून ऐकत होता. त्याने हलकी, देठाची मिरची बाजूला काढून ठेवली. "बेटी के वास्ते वजन नको," एवढंच म्हणाला.

पुढच्या बाजारी तसंच झालं. टोपल्यात खाली गवत, वर बोटभर मिरची. अक्काच्या अंगावर सासूचं जुनं, रुंद लुगडं आणि वरून घोंगडी, पदर नाकापर्यंत. आमच्या गावच्या दहा-बारा बायांनी न सांगता तिला मधे घेतलं. येसकर विडी ओढत सडकेकडे बघत होता, बैलांची दमणी येते का ते. अक्काची सासू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या बायकोच्या सांधेदुखीबद्दल मोठमोठ्याने विचारायला लागली. आम्ही पाण्यात उतरलो. मी अक्काचा हात धरला होता. पाणी बर्फासारखं होतं, पायाखाली गोटे सरकत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मला ओरडावंसं वाटत होतं. अक्का दातांतल्या दातांत म्हणाली, "हसू नको वो, टोपलं हालते."

आता राहिला बाबांचा नाका. मायचा बेत साधा होता: मुकाट्याने पट्टी द्यायची, घरी जायचं, आणि संध्याकाळी बाबांना जेवायला वाढायला अक्काला पाठवायचं. बाबा बाजेवर बसलेले, मांडीवर पिशवी. बाया एकामागून एक टोपली उतरवत होत्या. आमची पाळी आली.

"टोपलं खाली ठेव," बाबा म्हणाले. कोण आहे ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, त्यांचं लक्ष मिरचीवर.

मायने टोपलं उतरवायला हात लावला, ते जरा कललं आणि मिरचीची भुकटी अक्काच्या तोंडावर आली. ती शिंकली. अक्काची शिंक एक नसते, ती लागोपाठ तीन देते, मांजरीसारख्या बारीक, आणि तिसऱ्या शिंकेला "माय वो" म्हणते. बाबांचा हात पिशवीतच राहिला.

सगळ्या बाया मागे थांबलेल्या. बाबांनी हळूहळू वर पाहिलं, पदराकडे, मग घोंगडीकडे, मग खाली तिच्या ओल्या पायांकडे. माय म्हणाली, "माल मोगलाईतून आणला. पण हाय घरचाच. सांगा किती दुप्पट होते ते."

मला वाटलं आता बाबा भडकणार. त्यांचा राग मला माहीत होता, माझ्यातही तोच आहे. बाबा उठले. त्यांनी बांबू उचलला आणि बाजूला फेकला. मग अक्कासमोर उभे राहून म्हणाले, "पाणी लय थंड होतं का वो?"

अक्काने नुसती मान हलवली आणि रडायला लागली. मीही रडले. मागच्या बायांतल्या दोघीतिघींनीही पदर डोळ्यांना लावला, ज्यांनी सकाळी बाबांना शिव्या दिल्या होत्या त्यांनीच.

पुढचं सगळं यथावकाश झालं. बाबांनी दुसऱ्या दिवशी चाचाला निरोप पाठवला की बाजार परत आण, पट्टी जुनीच. पलीकडच्या पाटलांनीही येसकर उठवला, कारण त्यांच्या सुनेचं माहेर आमच्याच गल्लीत होतं आणि त्यांच्या घरातही कुणीतरी मुद्दाम फिक्कं शिजवत होतं असं नंतर कळलं. ज्वारी निघाल्यावर वेचणारणी आल्या. पहिल्या टोळीत अक्काची सासूही होती. कापूस वेचायला आले म्हणाली, आणि एक बोंडही न वेचता अक्काच्या उशाशी जाऊन बसली. माघात अक्काला मुलगी झाली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्या दिवशीचं घरी येणं. अक्काच्या डोक्यावरचं टोपलं बाबांनी आपल्या डोक्यावर घेतलं, पागोट्यावरच. गावचा ठेकेदार माणूस, भर बाजारच्या दिवशी, मिरचीचं टोपलं घेऊन चालला होता, आणि आम्ही मागून. मायला चालताना हसू आवरत नव्हतं. चावडीच्या ओट्यावर नेहमीची मंडळी बसलेली. त्यांतला एक जण मजेत ओरडला, "काय ठेकेदार, काय आणलं मोगलाईतून?"

बाबा थांबले नाहीत. मानही वळवली नाही.

"लेक आणली," म्हणाले.