आधी वारा बघणारे अण्णा

खिशातला रुमाल ते दोन बोटांत एका टोकाला धरून बाहेर काढत, हात लांब करून हवेत लोंबता सोडत आणि चार-पाच सेकंद त्याच्याकडे बघत उभे राहत. लग्नाच्या हॉलबाहेर, बसथांब्यावर, आमच्या जे. पी. नगरच्या गल्लीत कुणी पाचोळा पेटवला तरी. नवख्याला वाटे, घाम पुसायचा विसरले. आम्हाला ठाऊक होतं, वारा कुठून येतोय ते कळल्याशिवाय अण्णा कुठे उभेसुद्धा राहत नाहीत.

अण्णा आमचे शेजारी, अग्निशमन दलात अधिकारी. घराणं मराठी, पण तीन-चारशे वर्षं इकडे कन्नड मुलखातच मुरलेलं. मी पुण्याहून आलेला. पहिलं वर्षभर मला वाटायचं हे कन्नड बोलताहेत, आणि त्यांना वाटायचं मी भांडतोय. मला ते तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या माणसाला कुणी धाकटा म्हणत असेल तर शेजार सोडून जाऊ नये, असं माझं मत आहे.

दुसरी सवय वाचायची. जेवायला आले की आधी लोणच्याची बरणी फिरवून बघायचे. बायको म्हणाली, घरचंच आहे. "मग तसं लिहा की अक्का वरती," ते म्हणाले. तिने लिहिलं. आमच्या मिठाच्या डब्यावर आजही 'मीठ' लिहिलेलं आहे. साखरेच्या डब्यावर नाही, कारण ते काम माझ्याकडे होतं.

मी बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. धातूच्या वस्तूंना मुलामा द्यायचं काम तिथे चालतं. मुलाम्याला सायनाइड लागतं. पांढरं, मिठासारखं, ड्रमात भरलेलं. अण्णांचं केंद्र त्याच भागात, त्यामुळे तपासणीला तेच यायचे. एकेका ड्रमावरचं नाव बोट ठेवून वाचायचे. त्या ड्रमांपाशी मला म्हणाले होते, "पाणी, आंबट आणि झाडू. तिन्ही ह्याच्यापासून लांब, तम्मा." पाण्याबरोबर ते वाहत जातं, आंबटाशी मिळालं की विषारी वायू होतो, आणि झाडलं तर धूळ थेट छातीत. मी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. नंतर त्या खिळ्यावर कॅलेंडर टांगलं.

आता आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, गोष्ट सांगतो. इकडे त्या दिवशी कारखान्यात यंत्रं धुतात, हार घालतात, प्रत्येक गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. कामगारांच्या घरचे येतात, चुरमुरे वाटतात, अंगणात मांडव असतो. स्टोअर धुवायचं म्हणून मी ड्रम दाराबाहेर काढून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच हौस. हार घातलेली फोर्कलिफ्ट लिंबांवरून पुढे गेली, चालकाने जरा ऐटीत मागे घेऊन वळवली, आणि तिचा दाता एका ड्रमात घुसला. पांढरी भुकटी फरशीवर पसरली, चिरडलेल्या लिंबांपर्यंत.

मालक आरतीला यायचे होते. मी झाडलोट करणाऱ्या जयम्माला म्हणालो, पटकन गोळा कर. ती पूजेसाठी नवी रेशमी साडी नेसून आली होती. पदर खोचून ती झाडू लागली, आणि मी फरशी धुवायला पाण्याचा पाइप आणायला गेलो. तो दुसऱ्या शेडमध्ये गुंतून पडलेला. घेऊन आलो तेव्हा ती खाली बसली होती. डोकं फिरतंय म्हणाली.

तेव्हा कुठे मला कॅलेंडरमागचा कागद आठवला. अण्णांना फोन लावला.

"हातात काय आहे?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"पाइप."

"चालू?"

"अजून नाही."

"ठेव खाली. ड्रमावरचं नाव वाच."

मी वाचलं. त्यांनी अक्षरं जुळवून घेतली. मग म्हणाले, तिला धरून वाऱ्याकडे तोंड करून चालत सुट, बाकीच्यांना पण त्याच बाजूच्या फाटकातून बाहेर काढ, आणि तुम्ही दोघं मात्र कुणाला शिवू नका. माझी बायको मांडवात चुरमुरे वाटत होती. नेमकी वारा जात होता त्या बाजूला. तिला मी लांबूनच हाका मारून फाटकाकडे पिटाळलं.

अण्णांची गाडी आली आणि लांबच थांबली. लोक ओरडू लागले, पुढे जा, आत जा. अण्णांनी रुमाल काढून लोंबता धरला. फोर्कलिफ्टचा चालक त्यांना कन्नडमध्ये नको ते बोलला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि गाडीतून पहिल्यांदा निघाला तो पाण्याचा टब, आमच्या दोघांसाठी.

धूळ अंगावरच्या कपड्यांत होती. मला सांगितलं, सगळं उतरव. सबंध कारखान्यासमोर, हातात आरतीचं ताट घेतलेल्या मालकांसमोर, मी चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उभा राहिलो. माझ्या नोकरीतला हा एकमेव प्रसंग जेव्हा मालकांनी माझ्याकडे नीट बघितलं.

जयम्माचं तसं चालणार नव्हतं. अण्णांनी मांडवाचं एक कापड सोडवून आडोसा केला, माझ्या बायकोला मास्क, हातमोजे, अंगभर प्लॅस्टिकचा डगला घालून आत पाठवलं, आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. बाहेरून एकेक गोष्ट सांगत होते. साडी सोडायची नाही, झटकायची तर नाहीच. कापायची. आतून जयम्माचं रडणं आलं. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली साडी होती ती.

"अम्मा, साडी माझ्यावर," अण्णा पाठ न वळवता म्हणाले. "कापू द्या."

कात्रीचा आवाज आला, मग पाण्याचा.

रुग्णवाहिका उभी होती. अण्णांनी ड्रमावरचं नाव इस्पितळाला आधीच कळवून औषध काढून ठेवायला सांगितलं होतं. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती, ही बाई त्या धुळीत किती वेळ होती. स्ट्रेचरवरून जयम्माच बोलली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच झाडायला गेले, दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या नोकरीवर येईल हे तिला कळत होतं.

मी आरतीच्या ताटाकडे बघत होतो. मालक चार पावलांवर होते. अण्णा माझ्याकडे वळले.

"तम्मा, डॉक्टरला खरी वेळ लागते. खोट्या वेळेचं औषध नसतं."

फोन कानाला धरून ते माझ्याकडे बघत राहिले. नुसते उभे. मी आयुष्यात एवढा वेळ कुणाच्या नजरेसमोर उभा राहिलेलो नाही, आणि तोही चड्डीवर. अखेर म्हणालो, "मी सांगितलं तिला. दहा मिनिटं झाडत होती."

त्यांनी मान हलवली आणि तेवढंच फोनवर सांगितलं. दहा मिनिटं.

मग पाठीवर हवेची नळकांडी घेऊन, नखशिखांत झाकून ते आणि त्यांची दोन माणसं आत गेली. गटारांची तोंडं आधी वाळूच्या पोत्यांनी बंद केली. भुकटीवर प्लॅस्टिक पसरलं, एक कोपरा उचलायचा, तेवढीच फावड्याने हळूच कोरड्या ड्रमात भरायची, पुन्हा झाकायचं. लिंबं चिमट्याने एकेक करून वेगळ्या डब्यात. देवघरातून निर्माल्य काढावं इतक्या सावकाश. दोन तास. लांबून बघणाऱ्यांत कुणी हसलं नाही. मघाचा तो चालकसुद्धा हात जोडून उभा होता.

जयम्मा चौथ्या दिवशी घरी आली. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटं धरून घरी पाठवली असती तर रात्री काय झालं असतं ते सांगता आलं नसतं. साडीसाठी अण्णा पुढचे तीन रविवार मल्लेश्वरमची दुकानं फिरत होते, माझ्या बायकोला सोबत घेऊन, कारण रंग निवडणं त्यांना जमत नव्हतं. माझी नोकरी राहिली. कशी राहिली ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर मी केला नाही.

अण्णा ह्या वर्षी गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. त्यात धूर नव्हता, घंटा नव्हती. गल्लीतल्या मुलांना ते पटेना.

मागच्या महिन्यात स्टोअरची कपाटं आवरताना त्या दिवसाच्या अहवालाची प्रत सापडली. कन्नडमध्ये, खाली अण्णांची सही. माझं कन्नड भाजीवाल्यापुढे संपतं, म्हणून मी बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने लावत होतो. जयम्मा खिडकी पुसत होती. वेळेच्या ओळीत 'दहा मिनिटं' असं होतं, पुढे 'माहिती देणारे' म्हणून माझं नाव, आणि नावापुढे एक शब्द, जो मला येईना. तावागिये.

जयम्माला विचारलं. तिने तो पुन्हा वाचायला लावला. फडकं हातात तसंच धरून म्हणाली, म्हणजे कुणी न विचारता, आपणहून.

अण्णा माझ्यासमोर किती वेळ उभे होते, ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. ती उरलेली खिडकी पुसायला लागली.