जावयाचं ताट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नातेवाइकांत कोणी विचारलं की म्हणायचो, धाकटी सासरी रमली, आम्हाला विसरली. मी असं बोलू लागलो की बायको उठून आत जायची. ती आता नाही, त्यामुळे खरं काय ते मलाच लिहायला हवं.

धाकटीने एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. लग्न त्यांच्या पद्धतीने झालं. दोघं पांढऱ्या कपड्यांत होती, मुहूर्त नव्हता, आणि अक्षतांच्या जागी आमच्या हातात फुलांच्या पाकळ्या दिल्या. माझ्या मुठीतल्या पाकळ्या शेवटपर्यंत मुठीतच राहिल्या. कन्यादान कधी आहे, असं मी मुद्दाम विचारलं, तेव्हा नवरदेवच म्हणाला, "आमच्यात मुलगी दान नाही करत, बाबा. ती तुमचीच राहते."

आमची एकच रीत बायकोने मागून घेतली, मांडवपरतणीची. लग्नानंतर मुलगी जावयाला घेऊन पहिल्यांदा माहेरी जेवायला येते, ती. आमच्याकडे जावयासाठी चांदीचं ताट आहे. थोरला जावई त्यातच जेवला होता. बायकोने आदल्या दिवशी ते घासून लख्ख केलं. सकाळी मी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदी प्लेटांचं पाकीट आणलं.

"अहो, ताट कुठं गेलं?"

"राहू दे कपाटात."

"काहून?"

"भांडेवाली सुट्टीवर आहे म्हण."

भांडेवाली सकाळीच येऊन गेली होती. घासलेली ताटं ओट्यावर पालथी घातलेली होती आणि जेवायच्या जागेवरून स्वच्छ दिसत होती. आम्हा तिघांना स्टीलची ताटं आणि जावयाला कागदाची प्लेट. बायकोने भांडेवालीचं कारण सांगत वाढलं, पण मान वर केली नाही.

वडाभात होता. कढीने प्लेट नरम पडली, तेव्हा त्याने खालून डावा हात धरला आणि तसाच जेवत राहिला.

"आई, मिरची भिवापूरची दिसते," तो म्हणाला. "माझे तर कान गरम होऊन राहिले."

कोणी हसलं नाही. मुलीने आपलं ताट पुढे सरकवलं.

"आई, मले पण कागदाचीच दे."

"जेव ना वं चुपचाप," तो हळूच म्हणाला. "वडे मस्त झाले."

ती जेवली नाही. त्याने प्लेट स्वच्छ केली, घडी घातली आणि फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात स्वतः टाकून आला. जाताना वाकून नमस्कार केला, "येतो बाबा," म्हणाला. मुलगी रस्त्यावर जाऊन उभी होती. त्यानंतर ती या घरात आली ती आई गेली त्या दिवशी, आणि पाण्याचा घोटही न घेता परतली.

गेल्या वर्षी थोरलीकडून कळलं की धाकट्या जावयाच्या दोन्ही किडन्या गेल्या. मी चांदीचं ताट कापडी पिशवीत घातलं आणि बेसा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. तो दिवाणावर पडून होता. हात काडीसारखे झाले होते. त्याच्या आईने मला काही न विचारता ताट वाढलं, घरात सगळ्यांची होती तसंच, स्टीलचं.

मी ताटाकडे बघत राहिलो, तशी त्याने उशीवरून मान वळवली.

"बसा बाबा, जेवून घ्या. आमची भांडेवाली आज आली आहे."

तो हसत होता. मुलगी भिंतीकडे बघत होती. खोलीत आम्ही तिघंच होतो ज्यांना ते समजलं, आणि दोघं माझ्या उत्तराची वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी घास घेतला. भाजी छान झाली आहे म्हणालो. पिशवी सगळा वेळ मांडीवर होती. उठताना ती काखेत धरली आणि तशीच घरी आणली.

पुढच्याच महिन्यात तो गेला. मुलगी माझा फोन उचलत नाही, आणि उचलला तरी हे तिला नाही, त्याला सांगायचं होतं. त्या दुपारी, त्या ताटावर बसून, एवढंच:

आमचीही आली होती, जावईबापू. सगळी ताटं घासून गेली होती. मले माफ करा.