बारा ते चारची मुंबई

आमच्या परळच्या चाळीत कुणाकडे गावाहून पाहुणा आला की नाना परब दारात येऊन पहिला प्रश्न विचारायचे, "भेटीची वेळ काय?" प्रवास कसा झाला हे नाही, घरचे कसे आहेत हेही नाही. पाहुणा बिचारा गोंधळून सांगायचा, सकाळी अकरा ते बारा आणि संध्याकाळी चार ते सहा. की नाना खूश. "म्हणजे बारा ते चार तू मोकळा. चल, चपला घाल."

आता हे कोड्यात वाटू नये म्हणून सांगते. परळात चार पावलं टाकली की हॉस्पिटल लागतं. कोकणातल्या कुठल्याही गावात कुणाला मोठं दुखणं लागलं की त्याला इथे आणतात, आणि पेशंट वॉर्डात गेला की पेशंटचं माणूस आमच्यासारख्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन पडतं. वर्षातून दोन-तीनदा तरी प्रत्येक बिऱ्हाडात कुणाचा तरी मेव्हणा नाहीतर कुणाची तरी चुलती असायचीच. बारा वाजता वॉर्डातून सगळ्यांना बाहेर काढतात. मग हे माणूस बाहेरच्या बाकावर चार वाजेपर्यंत मांडीवर पिशवी घेऊन बसणार. बसून करायचं काहीच नाही, पण बाकावरून उठला तर तो नातेवाईक कसला? नानांना तो बाक डोळ्यांसमोर नको असायचा.

नाना स्वतः फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं लिफ्टमन होते. तळमजला ते सातवा आणि सातवा ते तळमजला. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यातला हार खुंटीला टांगून त्यांनी गॅलरीत जाहीर केलं, "आयुष्यभर उभा फिरलो, आता आडवा फिरणार." आणि फिरले. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी आणि मागे कुणाचा तरी रडवेला मेव्हणा.

मी शेजारच्या खोलीतली. एका टूर कंपनीत सहलींचे कार्यक्रम आखणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे नानांच्या तोंडी माझं नाव 'टुरिस्ट'. मी एकदा कौतुकाने त्यांना आमच्या मुंबई दर्शनाचं पत्रक दाखवलं. नानांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "साडेदहा ते अकरा, गेटवे. काय गो टुरिस्ट, अर्धा तास? रांग असली तर एवढ्या वेळात माणसाची लघवीसुद्धा उरकत नाही." मग पत्रक परत देत म्हणाले, "यात मुतारी कुठे कुठे आहे ते लिहिलेलंच नाही. ज्याला लागलेली असते त्याला ताजमहालसुद्धा दिसत नाही."

त्यांची मुंबई तिथूनच सुरू व्हायची. नव्या माणसाला घेऊन निघाले की आधी वाटेवरची बरी शौचालयं दाखवायची, मग बाकीचं. पत्ता पानवाल्याला विचारायचा नाही, त्याला माहीत नसलं तरी तो सांगतो. विचारायचा इस्त्रीवाल्याला, कारण तो घरोघरी कपडे पोचवतो. जेवायचं तिथे जिथे कचेरीतले शिपाई जेवतात, साहेब जेवतात तिथे नाही. "साहेबाला पोट बिघडलं तर रजा मिळते. शिपायाला परवडत नाही, म्हणून तो जपून खातो." आणि शहर बघायचं तर बसने. कुठलीही बस धरायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. बसायचं मात्र जाताना उजवीकडे आणि येतानाही उजवीकडे. "जाताना रस्त्याचा एक गाल, येताना दुसरा. डावीकडे-उजवीकडे बदलत बसलास तर तोच गाल दोनदा बघशील, मूर्खा."

हेच शास्त्र त्यांनी परमुलखातही चालवलं. नोकरीत असताना सरकारी सवलतीत बायकोला घेऊन ते कलकत्त्याला गेले होते. सुमनकाकूंना कालीमातेचं दर्शन घ्यायचं होतं. नाना म्हणाले, आधी ट्राम. दोघं शेवटच्या स्टॉपला उतरलेच नाहीत, कारण नानांचा नियम, आणि ट्राम त्यांच्यासकट डेपोत गेली. काकू ही गोष्ट सांगताना अजूनही चिडायच्या. "तो बंगाली ट्रामवाला हातवारे करून ओरडतोय, आणि हे त्याला मराठीतून विचारतायत, मुतारी कुठे. माझी काली राहिली ती राहिलीच." त्यानंतर काकूंनी नवऱ्याबरोबर फिरायला जायचं कायमचं सोडलं. परळ, लालबाग, मंडई आणि माहेर. बाकी मुंबई तुमची तुम्हाला लखलाभ, म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मलाही नानांचा राग यायचा. माणसं दुखणं घेऊन आलेली, आणि हे त्यांना घेऊन हुंदडतात, हे काही मला पटत नव्हतं. चाळीतही कुजबुज असायची. ती उघड झाली गावड्यांच्या वेळी.

तुकाराम गावडे कणकवलीकडचे. बायकोच्या पोटात गाठ, आणि हा माणूस तीन आठवडे बाकावर. बोलणं बंद, दाढी वाढलेली. नानांनी त्याला जवळजवळ बखोट धरून उठवलं आणि शिवाजी पार्कला नेलं. नेमका त्याच दुपारी गावड्यांचा मेव्हणा गावाहून आला, बाक रिकामा बघून चाळीत शिरला आणि दोघं परत आल्यावर गॅलरीत त्याने तमाशा केला. बहीण मरणाच्या दारात आणि भावोजी कट्ट्यावर बसून क्रिकेट बघतायत, म्हणाला.

"बाकावर बसून त्याने गाठ विरघळवली असती काय?" नानांनी विचारलं.

"आणि मागे काय झालं असतं तर?"

"तर झालं असतं. बाकाला विचारून होत नाही रे ते."

चाळीतली माणसं नाकं मुरडत आपापल्या खोल्यांत शिरली. मीही मान खाली घालून आत गेले.

त्या संध्याकाळी मी गावडीणबाईंना बघायला गेले. गावडे खाटेशेजारी उभे होते. बाईंनी विचारलं, "आज खय गेल्लास?" आणि गावडे सांगायला लागले. एवढंसं पोर, डोक्यापेक्षा हेल्मेट मोठं, नेटमध्ये त्रिफळा उडाला तर स्टंप पुन्हा रोवून म्हणतं, वाऱ्याने पडला. कट्ट्यावरचे चार म्हातारे रोज त्याच्यावर पैज लावतात. बाई हसायला लागल्या. पोटाला हात धरून, दुखतंय म्हणत हसत होत्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारीही कान देऊन ऐकत होती.

मी परत येऊन नानांना हे सांगितलं. ते सुपारी कातरत होते. "अगो, पेशंटाला सगळे काय विचारतात? जेवलीस काय? झोप लागली काय? औषध घेतलंस काय? दिवसभर तेच. तिलाच तिचा कंटाळा येतो. हातात केळी घेऊन जाऊ नये कधी. काहीतरी बघून जावं आणि सांगावं." मग सुपारी तोंडात टाकत म्हणाले, "गावाला गेल्यावर तरी काय सांगतील? मुंबईला गेलो आणि बाक बघितला?"

त्या दिवसापासून मी नानांची माणूस झाले. आमच्या कंपनीच्या पत्रकात मी मुताऱ्यांची यादी घातली, साहेबांनी काढून टाकली, पुन्हा घातली.

मग दोन वर्षांनी नाना स्वतःच आडवे झाले. छातीचं दुखणं, त्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. काकूंना सांगावं लागलं नाही. बारा वाजता बाहेर काढल्यावर त्या मांडीवर पिशवी घेऊन त्याच बाकावर जाऊन बसल्या.

नानांना चार वाजता हे कळलं आणि ते उखडले. "एवढ्या लोकांना त्या बाकावरून उठवलं, आणि माझीच बायको तिथे?"

"मी उठले आणि काही झालं तर?" काकू म्हणाल्या.

"तर होईल. तुझ्या ढुंगणाने ते थांबणार आहे काय?" शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत हसला. नाना माझ्याकडे वळले. "टुरिस्ट, हिला उद्या घेऊन जा."

मी रजा टाकली. माझी सगळी विद्या पणाला लावून काकूंना टॅक्सीने फिरवलं. गेटवे, म्युझियमची इमारत, मरीन ड्राइव्ह, सगळं वेळेत. चार वाजता काकूंनी सांगितलं, "गेटवे बघितला. मोठा आहे." नानांनी वाट बघितली. पुढे काही आलंच नाही. "तिथेच आहे ना अजून?" नानांनी विचारलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. माझ्या उभ्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता, आणि तो रास्त होता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता काकू म्हणाल्या, "आज तू येऊ नकोस." कुठे जाता ते सांगेनात. चारला त्या आल्या तेव्हा पदर घामाने भिजलेला होता, चेहरा लाल. खाटेजवळ स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची लिफ्ट बघून आले."

नाना उठून बसायला लागले. मी त्यांना धरलं.

एकतीस वर्षांत काकूंनी ती लिफ्ट बघितलेली नव्हती. नवऱ्याच्या कचेरीत बायकांनी कशाला जायचं, हा त्यांचा समज, आणि नानांनी कधी बोलावलं नव्हतं. फोर्टात उतरून इस्त्रीवाल्याला विचारत विचारत त्या पोचल्या होत्या. वॉचमनने अडवलं, काय काम आहे? "म्हटलं, काही नाही. माझ्या नवऱ्याची लिफ्ट आहे, बसून बघायची आहे." त्याने सोडलं.

"जाळीचंच दार आहे?"

"जाळीचंच. माणूस ठेवला नाही आता, ज्याने त्याने ओढायचं. मी तीन वेळा वर जाऊन आले. दोन साहेबांनी मला मजला सांगितला, मी बटण दाबलं."

नानांनी डोळे बारीक केले. "चौथ्यावर काय होतं?"

"हिसका देते. माझी पिशवी पडली हातातून."

"गेली होतीस म्हणजे." नाना मागे टेकले. असं तृप्त मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"स्टूल वॉचमनने घेतलंय," काकू म्हणाल्या. "बसले मी त्याच्यावर. फळीला मधोमध चीर आहे, चिमटा बसतो. एकतीस वर्षं बसलात, कधी बोलला नाहीत ते?"

"उशी ठेवायला बंदी होती," नाना म्हणाले. काकूंनी त्यांच्या पायावरची चादर नीट केली, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि जिन्यात रडले.

पुढचे पाच दिवस काकू रोज बारा वाजता गायब व्हायच्या आणि चार वाजता येऊन सांगायच्या. गिरगावातल्या एका गल्लीत मांजरीने गणपतीच्या कारखान्यातल्या ओल्या मूर्तीच्या मांडीवर पिल्लं घातली होती, तर मूर्तिकार ती मूर्ती सोडून दुसऱ्या करत होता. दादरच्या फुलबाजारात एक बाई गिऱ्हाइकाशी भांडता भांडता हार पुरा करत होती, दोन्हींत चूक नाही. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, मग? शेजारच्या खाटाही ऐकायच्या.

सहाव्या दिवशी दुपारी पावणेतीनला हॉस्पिटलातून मला फोन आला. कागदावर माझा नंबर होता. मी पोचले तेव्हा नानांच्या अंगावर चादर ओढलेली होती. काकूंना फोन लावला. मागून बसचा घरघराट येत होता. मी एवढंच म्हणू शकले, "काकू, या."

जे व्हायचं ते झालंच. गावाहून आलेल्या जाऊबाई बाराव्या दिवशी गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "घोव गेलो तेव्हा बायल खय? बशीत बसान फिरत होती." चाळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"यांनीच पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी उजवीकडे बसले होते. जातानाही आणि येतानाही."

जाऊबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मला कळलं, आणि माझीच मला लाज वाटली. बारा दिवस आम्ही सगळे त्या बाईला काय विचारत होतो? जेवलात का. झोप लागली का. गोळी घेतलीत का. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"काकू, त्या दिवशी काय बघितलंत?"

त्या हळूहळू सांगायला लागल्या. बस पार कुलाब्याला गेली. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले, या उतरल्या नाहीत. कंडक्टर म्हणाला, आजी, संपलं. या म्हणाल्या, संपलं कसं, अजून एक गाल राहिलाय. तो आणि ड्रायव्हर डबा खायला बसले होते. त्यांनी तळलेला बोंबील दिला. काकूंनी मंगळवार असून खाल्ला. मग बस वळली, आणि जाताना जे काहीच दिसलं नव्हतं ते सगळं खिडकीत येऊन उभं राहायला लागलं. एकेक त्या सांगत होत्या. जाऊबाईसुद्धा सरकून जवळ आल्या. माझा फोन आला ते ठिकाण आलं, काकूंनी डोळे पुसले आणि त्याच्या पुढचा रस्ताही सांगितला, परळचा स्टॉप येईपर्यंत.

मग पदर सावरून मला म्हणाल्या, "वाढ गो काहीतरी. भूक लागली."